चादरीचं दुसरं टोक

कडकबाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत, हे सगळ्या लॉन्ड्रीला ठाऊक होतं. त्यामुळे आजारपणाच्या पाचव्या आठवड्यात खरोखरची एक माशी त्यांच्या नाकावर येऊन बसली, निवांत पाय चोळत राहिली, आणि उजवा हात धडधाकट असूनही बाईंनी तिला हाकललं नाही, तेव्हा समोर बसलेल्या त्यांच्या भावजयीने हातातली वाटी खाली ठेवली. बाईंचं तोंड जरा वाकडं झालं होतं, डावा हात लुळा पडला होता, डावा पाय ओढावा लागत होता. ते सगळं तिने पाहून पचवलं होतं. माशीपुढे मात्र तिचा धीर सुटला. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडली.

कडकबाई म्हणजे काय चीज होती ते आधी सांगायला हवं, नाहीतर माशीचं महत्त्व कळायचं नाही.

लॉन्ड्री मोठी होती. दोन हॉस्पिटलं आणि पाच-सहा हॉटेलं यांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल रोज तिथे यायचे आणि दुसऱ्या दिवशी कोरे करकरीत होऊन परत जायचे. बाई तिथे एकोणिसाव्या वर्षी लागल्या. आईवडील लवकर गेलेले, धाकटा भाऊ पदरात. त्याला वाढवला, शिकवला, लिफ्टचा मेकॅनिक केला. स्वतः लग्न केलं नाही. बॉयलरवरच्या एका माणसाने एकदा विचारलं होतं. बाईंनी त्याच्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून उलटून पाहिली आणि आधी ही नीट धुवायला शिका, मग बघू, असं सांगितलं. तो बिचारा पंधरा दिवस स्वच्छ कॉलर घालून आला. सोळाव्या दिवशी बाईंनी त्याला बाह्या दाखवल्या, तेव्हा त्याने नाद सोडला.

पुढे त्या लॉन्ड्रीच्या मुख्य बाई झाल्या आणि 'कडकबाई' हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. तोंडाचा पट्टा सुरू झाला की मशीनचा आवाज ऐकू यायचा नाही. पण त्यांच्या हाताखालच्या बाया त्यांना सोडून जात नसत, कारण बाई जे दुसऱ्याला सांगत ते आधी स्वतः करत.

त्यांचा सगळ्यात प्रसिद्ध नियम चादरीचा. मोठ्या चादरीची घडी दोघींनी घालायची असते. समोरासमोर उभं राहायचं, दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका देऊन चादर ताणायची, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा, मग चालत एकमेकींकडे यायचं, एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि खाली लोंबणारी घडी उचलून पुन्हा मागे जायचं. या सगळ्यात जिच्या हातून कोपरा निसटून जमिनीला लागला, तिने ती चादर स्वतः उचलून परत धुवायला नेऊन टाकायची. दुसरीने मदत करायची नाही. फरशी कितीही पुसलेली असो. ज्या आजारी माणसाच्या अंगाखाली ही जाणार तो काही आपली फरशी तपासायला येणार नाही, असं बाई म्हणत.

भावजय लग्न होऊन या घरात आली आणि वर्षाच्या आत लॉन्ड्रीतही आली. तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, बाईंच्या चादरीचं दुसरं टोक तिच्याकडे. घरी नणंद, कामावर मुख्य बाई; चोवीस तासांचं सासर. सासू नाही म्हणून तिच्या मैत्रिणी तिचा हेवा करायच्या. या एकदा आठ दिवस राहायला, असं ती त्यांना म्हणायची.

पक्षाघात झाला त्या दिवशी सकाळी दोघींचं वाजलं होतं. कारण काय, तर टॉवेल. भावजयीने दांडीवर टाकलेला टॉवेल बाईंनी काढला, झटकला आणि दोन्ही कडा सारख्या करून पुन्हा टाकला. बावीस वर्षांत हे हजारदा झालं असेल, पण त्या दिवशी भावजयीचं डोकं तापलेलं होतं. ती म्हणाली, "वन्सं, एक दिवस, फक्त एक दिवस मला काही न शिकवता काढून दाखवा." बाई चपला घालून कामाला निघाल्या. दुपारी दोनच्या सुमारास त्या धुतलेल्या टॉवेलांच्या ढिगावर बसल्या. त्या ढिगाला त्या कोणाला पाठही टेकू द्यायच्या नाहीत. त्यांना तिथे बसलेलं पाहूनच भावजयीने हातातली चादर टाकली आणि गाडी बोलवा म्हणून धावत सुटली.

ती धावली म्हणून बाई वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. गुठळी वेळेत विरघळली. बोलणं शाबूत राहिलं, गिळणं शाबूत राहिलं, डाव्या हातात थोडी हालचाल शिल्लक होती. तीन-चार महिने नेटाने व्यायाम केला तर ही बाई आपल्या पायांनी चालत इथे येईल, असंही त्यांनी सांगितलं. नेट हा शब्द ऐकून भाऊ हसलाच. माझ्या बहिणीला नेट शिकवायची गरज नाही, तुमच्या माणसांनाच तिच्यापुढे दम लागेल, असं तो छाती फुगवून म्हणाला.

आणि बाई घरी आल्या, खिडकीपाशी खुर्चीत बसल्या, त्या बसल्याच.

चहा समोर ठेवला की निवून जायचा. प्या म्हटलं की प्यायच्या. टीव्हीवर कोणी दिवसभर मासे पकडायला शिकवत असेल तर त्या दिवसभर तेच बघायच्या. शेजारी फोन वाजायचा आणि वाजून थांबायचा. भूक लागली का विचारलं, तर जरा विचार करून म्हणायच्या, "माहीत नाही." दुखतंय का? नाही. रडू येतंय का? नाही. झोप? लागते. व्यायाम करायचा का? नको. हे 'नको' रागाचं नव्हतं, कंटाळ्याचं नव्हतं. पत्ता विचारणाऱ्याला आपण 'मला माहीत नाही' म्हणतो, तितकं ते साधं होतं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, मुळातच हट्टी. भाऊ म्हणाला, खचलीय, होईल हळूहळू. भावजय कोणाला काही बोलली नाही, पण तिला खरं कारण माहीत होतं, किंवा तसं तिला वाटत होतं. बाईंनी तिचं बोलणं मनावर घेतलं होतं. एक दिवस न शिकवता काढून दाखवा म्हणालीस ना? घे, आता जन्मभर काढून दाखवते. ज्या माणसाला आपण बावीस वर्षं ओळखतो त्याच्याबद्दल अशीच घोडचूक होते. परक्या माणसाने निदान विचारलं तरी असतं.

मग रुसवा काढायचे सगळे उपाय झाले. आधी सेवा. भावजयीने लॉन्ड्रीत अर्ध्या दिवसाचं काम मागून घेतलं. दुपारी ती जायची तेव्हा भाऊ घरी असायचा. ती बाईंना घास भरवायची, केस विंचरायची, उजव्या हाताने सहज करता येईल तेही करू द्यायची नाही. बाई भरवून घ्यायच्या. सेवेने पाझर फुटेना, म्हणून तिने उलटी चाल केली. चिडवून बघायचं. दांडीवरचे टॉवेल मुद्दाम वाकडे टाकले. इस्त्रीची सुरकुती पडलेला ब्लाउज घालून समोरून तीनदा गेली. लॉन्ड्रीतल्या दोघी भेटायला आल्या तेव्हा त्यांच्याशी आधी ठरवून बाईंच्या डोळ्यांसमोर अभ्र्याची उलटी घडी घालायला लावली. त्यातली एक घडी घालताना अर्धी दाराकडे वळून उभी होती. बाईंनी घडी पाहिली, मग खिडकीकडे पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. जाताना जिन्यात तीच म्हणाली की यापेक्षा बाईंनी चादर फेकून मारली असती तर बरं वाटलं असतं.

आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात व्यायामासाठी न्यायचं होतं. तिथली व्यायाम घेणारी तरुण मुलगी मोठी चिकाटीची होती. ती बाईंच्या हातात बॉल द्यायची, उचला म्हणायची. बाई बॉलकडे बघायच्या. ती हात धरून उचलायची, तेव्हा हात उचलला जायचा. सोडला की तिथेच राहायचा. बारा वेळा यायचं ठरलं होतं. आठव्या वेळेनंतर तिने भावजयीला बाजूला घेतलं आणि फाइल दाखवली. पानोपानी एकच शेरा होता: रुग्णाचं सहकार्य नाही. बाहेर थांबलेल्यांची यादी मोठी होती. बाराव्या वेळी मोठे साहेब तपासायला येणार आणि फरक दिसला नाही तर ही जागा दुसऱ्याला देणार. आणि मग? मग हाताची बोटं आखडत जातील, मूठ मिटेल, ती पुढे उघडणं कठीण. आज जो हात हलू शकतो तो न हलवल्यामुळे जाईल. पायाचंही तेच.

भावजयीला राहवलं नाही. तिने त्या मुलीला टॉवेलाची गोष्ट सांगितली. माझ्यामुळे झालंय, म्हणाली. मी बोलले म्हणून त्या रुसल्यात.

मुलीने ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या रुसलेल्या नाहीत. आळशीही नाहीत, आणि मी खूप प्रश्न विचारून पाहिलेत, दुःखीसुद्धा नाहीत. एखादी गोष्ट करावीशी वाटणं हेही मेंदूचंच काम असतं, हात उचलण्यासारखं. त्यांच्या हाताबरोबर तेही लुळं पडलंय. हाताचं दिसतं, याचं दिसत नाही, एवढाच फरक."

भावजयीला पटेना. तेव्हा त्या मुलीने सरळ बाईंनाच जाऊन विचारलं, त्या दिवशीचं टॉवेलावरचं बोलणं आठवतं का?

"टॉवेल वाकडा होता," त्या म्हणाल्या.

राग आला होता?

"नाही. वाकडा होता."

सात आठवडे भावजयीने छातीवर धोंडा घेऊन काढले होते. तो तिथेच, त्या बॉल आणि दोऱ्यांच्या पसाऱ्यात, उतरला. पण धोंडा उतरला तरी प्रश्न उभाच होता. रुसवा असता तर निघाला असता. जे नाहीच ते काढायचं कसं? हाताला सवयीचं असलेलं एखादं काम घरी शोधून बघा, एवढंच त्या मुलीने सांगितलं. काम! या बाईंनी आयुष्यभर दुसरं काही केलंच नव्हतं. भावजयीने कांदे ठेवून पाहिले, बटणं ठेवून पाहिली, रुमाल आणि इस्त्रीसुद्धा ठेवून पाहिली. बाई सगळ्याकडे सारख्याच नजरेने बघत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

कारण कळसा दांडीवर वाळत होता.

गुरुवारी दुपारी भावजयीने पलंगाची मोठी चादर दांडीवरून काढली. भाऊ अजून आला नव्हता. डोक्यात एकच घोळत होतं: चारच वेळा राहिल्या. हात मात्र आपल्या चालीने चालले होते, आणि बावीस वर्षांच्या सवयीने त्यांनी चादरीचे दोन कोपरे, न बघता, न बोलता, समोर धरले.

समोर खुर्चीत बाई होत्या. त्यांचा उजवा हात वर आला आणि त्याने कोपरा घेतला.

भावजयीला कळायच्या आत तिचे पाय सवयीने दोन पावलं मागे गेले. चादर ताणली गेली. बसून चादर ताणता येत नाही, हे बाईंच्या अंगात एकोणचाळीस वर्षं मुरलेलं. त्यांनी उजवं कोपर खुर्चीच्या हातावर टेकलं आणि त्या उठल्या. कोणी उठवल्याशिवाय त्या सात आठवड्यांत उठल्या नव्हत्या. डावा हात कमरेपर्यंत आला. बोटांनी कड धरली. आणि मग बोटं थकली, कोपरा निसटला, फरशीला लागला.

बाईंनी खाली फरशीकडे पाहिलं.

"परत धुवायला टाक," बाई म्हणाल्या.

भावजय घाईने वाकली, तेव्हा त्या पुन्हा बोलल्या. "तू नको. माझ्या हातून पडलीय."

आणि त्यांनी ती चादर उजव्या हाताने गोळा केली, छातीशी धरली आणि डावा पाय ओढत न्हाणीघराकडे निघाल्या. काठी खुर्चीला टेकलेली तशीच राहिली. मागून भावजय दोन्ही हात पसरून, पडल्या तर झेलायला, कोंबडीमागे चालावं तशी चालत होती. नऊ पावलं. बाईंनी चादर बादलीत टाकली आणि तिथेच उभ्या राहिल्या. पुढे काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. भावजयीने त्यांना धरून परत आणलं आणि मग ती जमिनीवर फतकल मारून बसली आणि हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तीच चादर, धुऊन वाळवून, बाईंच्या शेजारी ठेवली आणि आनंदाने विचारलं, "वन्सं, घडी घालायची ना?"

"नको."

अर्ध्या तासाने विचारलं. नको. गोड बोलून विचारलं, कालचं आठवून देऊन विचारलं. नको, नको. अकरा वाजेपर्यंत तिचं तोंड उतरलं. म्हणजे काल दिवा विझण्याआधी मोठा झाला होता की काय? ती चादर उचलून कपाटात ठेवायला निघाली आणि दारातच थबकली. काल आपण विचारलंच नव्हतं. काल आपण नुसतं टोक धरलं होतं.

ती परत आली. काही बोलली नाही. कोपरे समोर धरले. बाईंचा हात आला.

त्या दिवशी सात चादरी झाल्या. घरात एवढ्या चादरी नव्हत्या. घातलेली घडी मोडून पुन्हा तीच. कोपरा पाच वेळा पडला आणि पाचही वेळा बाई न्हाणीघरापर्यंत जाऊन आल्या. मध्ये एकदा भावजयीने घाबरत विचारलं, तुम्हाला यात त्रास तर होत नाही ना?

"त्रास नाही," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, एखादा डाग कशाचा आहे ते ओळखताना थांबत तशा, म्हणाल्या, "सुरू झालं की होतं. सुरूच होत नाही."

एवढ्या दिवसांत स्वतःबद्दल त्या एवढंच बोलल्या होत्या, आणि डॉक्टरांच्या सगळ्या कागदांपेक्षा ते भावजयीला जास्त कळलं. तिने घरातले प्रश्नच बंद केले. जेवता का, उठता का, केस विंचरता का, सगळं बंद. चमचा हातात द्यायचा आणि पाठ फिरवायची. कंगवा हातात द्यायचा आणि निघून जायचं. चपला पायांपाशी ठेवून, दार उघडून "चला" म्हणायचं. भावाला हे आवडलं नाही. ती माझी मोठी बहीण आहे, तिला विचारल्याशिवाय हलवायला ती काय सामान आहे, असं तो जरा घुश्शातच म्हणाला. भावजयीने त्याला समजावलं. विचारलं की 'नको' येतं, आणि ते 'नको' त्यांचं नाही, आजाराचं आहे. मी ते आजाराला विचारत नाही. भाऊ दोन दिवस धुमसला. तिसऱ्या दिवशी भावजय लॉन्ड्रीत असताना त्याने गुपचूप चादर काढली आणि टोक धरलं. त्याची घडी बघून बाई म्हणाल्या, तू लिफ्टच दुरुस्त कर. संध्याकाळी भावजयीला हे सांगताना त्या धिप्पाड माणसाचे डोळे भरून आले होते, आणि तो ते लपवतही नव्हता.

सगळं सुरळीत झालं असं मात्र नाही. एके दिवशी सोळा चादरी व्हायच्या, तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच चादरीला बाईंचे डोळे मिटायचे. कधी टोक धरूनही हात यायचा नाही. मग ते टोक त्यांच्या तळहाताला नेऊन टेकवावं लागायचं. भावजयीची पाठ भरून यायची. दोन्ही बाजूंची उमेद एकटीने आणायची म्हणजे गंमत नाही. एकदा वैतागून ती चादर टाकून बाहेर जिन्यात जाऊन बसली. दहा मिनिटांनी आत आली तर बाई चादरीचा आपला कोपरा उजव्या हातात धरून उभ्याच होत्या. पाय थरथरत होते. तिने टोक सोडलं होतं, बाईंनी सोडलं नव्हतं. त्यानंतर भावजय पुन्हा जिन्यात गेली नाही.

हॉस्पिटलातल्या मधल्या तीन वेळा बॉल तसाच पडून राहिला, आणि बारावी वेळ सोमवारी आली. मोठे साहेब फाइल घेऊन खुर्चीत बसले. मुलीने बॉल दिला. बाईंनी बॉलकडे पाहिलं. उचला म्हटलं. त्यांनी साहेबांकडे पाहिलं. पाय उचला म्हटलं, दोरी ओढा म्हटलं. कडकबाई थंड. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

भावजय आयुष्यात नणंदेखेरीज कोणाला उलट बोलली नव्हती. ती पुढे झाली आणि पिशवीतून एक पांढरी चादर काढली. त्याच हॉस्पिटलची, कोपऱ्यात निळा शिक्का असलेली. लॉन्ड्रीत सांगून आणलेली. साहेब म्हणाले, बाई, इथे व्यायाम होतो, घरकाम नाही.

"साहेब, बावीस वर्षं तुमच्या हॉस्पिटलच्या चादरी आम्ही दोघी घडी करतोय," ती म्हणाली. "आज एक तुमच्यासमोर करू द्या. मग काय लिहायचं ते लिहा."

तिने टोक धरलं. बाईंचा हात आला, मागोमाग बाई उठल्या. झटका. चादर ताडकन ताणली गेली. डावी बोटं कडेला धरून राहिली, कोपऱ्याला कोपरा जुळला, दोघी चालत जवळ आल्या, आणि टोकं देता-देता डावा कोपरा घरंगळून जमिनीला लागला. साहेब काहीतरी म्हणणार तोच बाईंनी चादर गोळा केली. आजूबाजूला पाहिलं. मशीन नव्हतं. पार पलीकडे, खिडकीखाली, मळक्या कपड्यांची टोपली होती. त्या निघाल्या. काठी नाही, कोणाचा हात नाही. पाय ओढत होता, पण जात होता. ती व्यायामवाली मुलगी ओठांतल्या ओठांत पावलं मोजत होती. बाईंनी चादर टोपलीत टाकली आणि त्या भिंतीकडे तोंड करून थांबल्या.

घरी अशा वेळी त्यांना धरून परत आणावं लागायचं. भावजय जागची हलली नाही. तिने व्यायामाच्या पलंगावरची चादर ओढून काढली आणि हॉलच्या या टोकाला झटकली. तो आवाज ऐकून बाई वळल्या. त्या आपल्या आपण चालत परत आल्या आणि दुसरं टोक घेतलं. ही घडी पूर्ण झाली. कडा सुतासारख्या सरळ नव्हत्या, पण कोपरा जमिनीला लागला नाही.

तिसऱ्या चादरीला ती मुलगी पुढे आली आणि तिने टोक धरलं. बाईंनी तिच्या हाताकडे पाहिलं. "अंगठा आत," त्या म्हणाल्या. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, मग पुन्हा काढलं, आणि आणखी बारा वेळा लिहून दिल्या. बॉलऐवजी चादर, असंही लिहिलं.

या गोष्टीला आता सव्वा वर्ष झालं. बाईंचा डावा हात पुरता आला नाही. बटण लावता येत नाही, सुईत दोरा जात नाही. पण मूठ उघडते, मिटते, चादर पेलते. घरात त्या काठीशिवाय चालतात. आठवड्यातून तीन दिवस, दोन-दोन तास, लॉन्ड्रीत घडीच्या जागी उभ्या राहतात. मुख्य बाई आता भावजय झाली आहे आणि जमिनीला लागलेल्या चादरीचा नियम तिने तसाच ठेवला आहे, किंबहुना नव्या मुली म्हणतात की ही जास्त कडक आहे. नवख्यांना वाटतं, कोपऱ्यातली ती अबोल बाई जरा तुसडी असेल. प्रत्येक चादरीला कोणीतरी टोक पुढे करावं लागतं, हे त्यांच्या लक्षातही येत नाही, कारण चादरीला ते तसंही करावंच लागतं. ही जागा म्हणूनच बाईंना मानवली. बाकी घरी अजूनही चहा निवतो. आपण होऊन त्या अजून काही मागत नाहीत, आणि कदाचित मागणारही नाहीत. भावजयीने ते मान्य केलं आहे.

मागच्या आठवड्यात दुपारी वीज गेली, मशीनं थांबली. दोघी घडीच्या टेबलापाशी उभ्या होत्या. एरवी त्या गदारोळात जे विचारता आलं नसतं ते भावजयीने त्या शांततेत विचारलं.

"वन्सं, खरं सांगा. तुम्हाला बरं व्हावंसं वाटत होतं का?"

कपड्यावरच्या डागाबद्दल बाई कधी खोटं बोलल्या नव्हत्या, आणि याबद्दलही बोलणार नव्हत्या. त्यांनी नीट विचार केला.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुला वाटत होतं. मग मी झाले."

भावजयीने डोळे पुसले. टेबलावर एक चादर राहिली होती, तिचे कोपरे तिने पुढे केले, आणि बाईंनी दोन्ही हातांनी घेतले.